पॉयझन आयव्ही अंगावर उतली आहे. दोन आठवड्यांनीही नवे चट्टे का उठत आहेत?

परसातली_मेथी

नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी मध्य न्यू जर्सीत घर घेतले. मागच्या अंगणाच्या शेवटी लाकडी कुंपण आहे आणि त्यापलीकडे टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, मालकीची थोडी झाडी आहे. मेथी, भेंडी आणि दुधीसाठी वाफे करावेत म्हणून मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारी मी आणि माझ्या यजमानांनी कुंपणालगत माजलेले रान काढले. त्यात मॅपलच्या खोडावर चढलेला, तीन-तीन पानांचा एक वेल होता, तोच हा पॉयझन आयव्ही. त्याची शेंड्याची पालवी लालसर आणि तुकतुकीत, अगदी आंब्याच्या पालवीसारखी होती, त्यामुळे ती तोडताना मला थोडे वाईटच वाटले. यजमानांनी कापडी हातमोजे घातले होते, मी तेवढेही घातले नव्हते.

सोमवारी सकाळी यजमानांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, कोणी ओल्या काडीने ओढाव्यात तशा लाल रेघा उठल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांवर पाण्याचे बारीक फोड आले. माझ्या अंगावर आठवडाभर काहीच नव्हते, म्हणून मी त्यांनाच नाजूक ठरवत होते; नवव्या दिवशी माझ्या बोटांच्या बेचक्यांत, हनुवटीखाली आणि पोटावर तसेच पुरळ आले. आमचा आठ वर्षांचा मुलगा त्या दिवशी कुंपणाकडे फिरकलाही नव्हता, तरी आता त्याच्या दोन्ही नडग्यांवर आणि एका कानामागे चट्टे आहेत.

रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंनी यजमानांचे हात पाहताक्षणीच "हा तर बिब्बा उतलाय" असे सांगितले आणि खोबरेल तेल चोळले. आम्ही जवळच्या एका तातडीच्या दवाखान्यातही जाऊन आलो. तेथे सहा दिवसांच्या, रोज एक गोळी कमी होत जाणाऱ्या स्टेरॉइडच्या पाकिटावर आमची बोळवण झाली. पाचव्या दिवशी यजमानांचे हात जवळजवळ बरे झाले होते, पण गोळ्या संपल्यावर दोनच दिवसांत पुरळ पहिल्यापेक्षा जोराने परतले.

फोडांतील पाण्यामुळे हे एकाचे दुसऱ्याला लागते का, मुलाला शाळेत पाठवावे की नाही, आणि पंधरा दिवस उलटून गेल्यावरही नव्या जागी चट्टे का दिसत आहेत, हे कोणी समजावून सांगू शकेल का? खाज इतकी आहे की रात्री दोन वाजता आम्ही दोघेही स्वयंपाकघरात बर्फ शोधत असतो.

---

ओहायोची_औषधवाली

ताई, मी गेली अकरा वर्षे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि मे ते सप्टेंबर या काळात काउंटरपलीकडून हा प्रश्न बहुधा रोज येतो. तपासून निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे, त्यामुळे मी सांगते ते त्यांच्या सल्ल्याच्या जागी न ठेवता त्याच्या सोबत ठेवावे.

या वेलाच्या पानांत, खोडात आणि मुळांत उरुशिओल नावाचा तेलकट चीक असतो. जपानमध्ये लाखकामासाठी ज्या झाडाचा चीक काढतात त्याला उरुशी म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पान नुसते शेजारी असल्याने काही होत नाही. ते चुरगळले, फाटले किंवा देठ मोडला की चीक बाहेर येतो आणि कातडीला लागतो. नावात 'पॉयझन' असले तरी हे विष नव्हे. हा चीक काही मिनिटांत कातडीत शिरून तेथील प्रथिनांना चिकटतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या चिकटलेल्या जागेला परकी समजून तिच्यावर तुटून पडते, आणि आपल्याला दिसतात ते फोड या हल्ल्याचे असतात. बहुसंख्य माणसांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. काहींना आयुष्यभर होत नाही, पण आज झाला नाही म्हणून पुढे होणार नाही, असे कोणी गृहीत धरू नये.

आता तुमच्या नवव्या दिवसाचे कोडे. प्रतिकारयंत्रणेला या चिकाची ओळख आधी करून घ्यावी लागते आणि त्या पहिल्या ओळखीला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. एकदा ओळख पटलेली असली की पुढच्या खेपेला बारा तासांपासून दोन-तीन दिवसांत पुरळ उठते. तुमच्या यजमानांची या वेलाशी किंवा त्याच्या एखाद्या भाऊबंदाशी पूर्वी कधीतरी गाठ पडलेली असणार. तुमची पहिलीच वेळ होती. यापुढे तुम्हालाही नवव्या दिवसापर्यंत वाट पाहावी लागणार नाही, हे सांगताना मला वाईट वाटते.

फोडांतील पाणी हे आपल्याच शरीराचे पाणी आहे. त्यात उरुशिओल नसतो, त्यामुळे फोड फुटल्याने पुरळ ना त्याच माणसाच्या दुसऱ्या जागी पसरते, ना शेजारच्याला लागते. मुलाला खुशाल शाळेत पाठवावे. तरीही पुरळ पसरल्यासारखे दिसते, त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे सगळ्या जागी चीक सारखा लागलेला नसतो आणि कातडीही सारखी जाड नसते. मनगटाच्या आतील बाजूला आज उठते, तर जाड कातडीवर पाच दिवसांनी. दुसरे कारण अधिक घातक आहे. हा चीक वस्तूंवर महिनोन्महिने, कोरड्या जागी तर काही वर्षेही, जसाच्या तसा टिकतो. ज्या मुलाने वेल पाहिलाच नाही त्याच्या नडग्यांवर चट्टे उठतात, तेव्हा घरातील कोणती तरी वस्तू अजून धुतलेली नाही, हे नक्की. ती शोधून काढल्याशिवाय तुमचा जून संपणार नाही.

धुण्याविषयी जरा विस्ताराने सांगते, कारण तिथेच सगळे चुकतात. चीक लागल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत धुतल्यास बराचसा निघून जातो. अर्धा तास उलटला की जो आत शिरायचा तो शिरलेला असतो. तरीही उशिरा का होईना धुवावेच, म्हणजे वरचा राहिलेला चीक डोळ्यांना, मुलांना आणि पांघरुणांना लागणार नाही. नुसता साबण फिरवून पाणी ओतणे पुरेसे नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला वंगण लागलेले असते, तसे आपल्या हाताला न दिसणारे वंगण लागले आहे असे समजावे आणि भांडी घासण्याचा साबण, कोमट किंवा गार पाणी आणि खरखरीत फडके घेऊन, नखांच्या खालूनसुद्धा, दोन-तीन वेळा घासून धुवावे. फडके मग लगेच धुण्यात टाकावे. यासाठी खास मिळणारी धुण्याची द्रावणे चालतात, पण ती घरात नाहीत म्हणून दुकानात जाण्यात पाऊण तास घालवू नये.

सासूबाईंचे निदान अगदी जवळचे होते. सोमवारी लावलेल्या खोबरेल तेलाने फारसे बिघडले नसावे. मात्र तेच तेल शनिवारी, न धुतलेल्या हातांवर चोळले असते, तर तेलात विरघळणारा तो चीक कोपरापर्यंत सारवला गेला असता.

खाजेसाठी गार पाण्याच्या घड्या, कॅलामाइन लोशन आणि बारीक दळलेल्या ओटचे अंघोळीचे पाणी हे साधे उपाय खरोखर उपयोगी आहेत. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारे एक टक्क्याचे हायड्रोकॉर्टिझोन किरकोळ चट्ट्यांना ठीक आहे, पण फोडांनी भरलेल्या हाताला ते पुरत नाही. खाज घालवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, अ‍ॅलर्जीविरोधी किंवा बधिर करणारी औषधे असलेल्या मलमांपासून दूर राहावे, कारण कातडीला त्या मलमाचीच नवी अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि मग कशाचे काय ते कोणालाच कळत नाही. गुंगी आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी रात्री झोप लागण्यापुरती मदत करते. पुरळावर तिचा फारसा परिणाम होत नाही. कढत पाणी ओतल्यावर क्षणभर स्वर्ग मिळतो हे मला माहीत आहे, पण सुजलेली कातडी त्याने भाजते.

राहिले ते सहा दिवसांचे पाकीट. हातभर फोड आले असतील तर पोटातून द्यायचे स्टेरॉइड सहसा दोन ते तीन आठवडे, हळूहळू कमी करत देतात, कारण शरीराचा हा हल्ला तितके दिवस चालूच असतो. औषध सहाव्या दिवशी थांबले की दबलेली आग पुन्हा भडकते आणि नेमके तेच तुमच्याकडे झाले आहे. यजमानांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना हा घटनाक्रम तारखांसह सांगावा. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास तेही आधी सांगावे, कारण या गोळ्यांनी साखर चांगलीच वाढते. कपाटात उरलेल्या जुन्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत.

डोळा सुजून मिटू लागला, तोंडावर किंवा गुप्तांगावर फोड आले, अंगाचा मोठा भाग व्यापला, ताप आला किंवा फोडांतून पू येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वास किंवा गिळणे जड झाले तर गाडी काढण्यातही वेळ न घालवता ९११ ला फोन करावा. मुलाच्या कानामागचा चट्टा डोळ्याच्या दिशेने सरकतो का, यावर लक्ष ठेवा.

---

सह्याद्री_ते_शेनन्डोआ

वरील प्रतिसादाला माझे अनुमोदन आहे. मी व्हर्जिनियात राहतो आणि बहुतेक शनिवार-रविवार डोंगरात असतो, त्यामुळे वेल ओळखण्यापुरते बोलतो.

इथल्या मुलांना शाळेतच 'तीन पाने दिसली तर राहू द्या' अशा अर्थाचे यमक शिकवतात. ते चांगले आहे, पण अपुरे आहे, कारण तीन पानांच्या वनस्पती रानात पैशाला पासरी आहेत. मधल्या पानाकडे पाहावे. त्याचा देठ लांब असतो आणि बाजूची दोन पाने जवळजवळ देठाविना बसलेली असतात. बाजूच्या पानांना पुष्कळदा एकाच अंगाला एक खाच असते, त्यामुळे ती अंगठा बाहेर काढलेल्या हातमोज्यासारखी दिसतात. पानांची त्रिकुटे खोडावर समोरासमोर न येता आलटून-पालटून येतात आणि काटा कुठेही नसतो. काटे असले तर ती रानटी रासबेरी किंवा ब्लॅकबेरी समजावी. त्रिकुटे समोरासमोर असली तर बहुधा बॉक्सएल्डरचे रोप. आणि पाच पाने असली तर व्हर्जिनिया क्रीपर. वसंतात पालवी लाल, उन्हाळ्यात पाने हिरवीगार, शरदात पिवळी, शेंदरी आणि तांबडीभडक होतात. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये कोणी ना कोणी ती रंगीत पाने फुलदाणीसाठी घरी घेऊन जाते.

हिवाळ्यात पाने गळली म्हणजे धोका टळला, असे मीही समजत होतो. एका फेब्रुवारीत जेवणासाठी थांबलो असताना मी ओकच्या खोडावरील मनगटाएवढ्या जाड, वाळक्या, केसाळ दोरखंडासारख्या वेलाच्या खुंटीला माझी सॅक अडकवली. त्या केसांसारख्या मुळ्यांनीच हा वेल झाडाला धरून चढतो. पानांचे नाव नव्हते, वेल मेलेला वाटत होता. तीन दिवसांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांच्या मापाचे, आखून काढल्यासारखे पट्टे उठले. ते बरे झाल्यावर मार्चमध्ये मी तीच सॅक पुन्हा पाठीवर घेतली आणि तेच पट्टे तिथेच, तसेच उठले; तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

शंका असल्यास एक साधी परीक्षा आहे. हातमोजे घालून, पांढऱ्या कागदाच्या घडीत ते पान ठेवून दगडाने ठेचावे. त्या चिकाचा हवेशी संबंध आला की डाग काही मिनिटांत तपकिरी आणि पुढे काळा होत जातो. जपानी लाखकामाच्या भांड्यांना जो काळा टणक मुलामा येतो, त्यामागचे रसायन याच जातीचे आहे.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि पँटवर ओढलेले मोजे घालावेत. वाटेच्या मधून चालावे, कारण या वेलाला दाट जंगलापेक्षा उजेड येणारी कड, म्हणजे नेमकी पायवाटेची, कुंपणाची आणि वाहनतळाची बाजू अधिक मानवते. कुत्रा बरोबर असेल तर त्याला स्वतःला क्वचितच काही होते, पण त्याच्या केसांवरील चीक आपल्या मांडीवर येतो. त्याला हातमोजे घालून आंघोळ घालावी. मी गाडीत पाण्याचा कॅन आणि भांड्यांच्या साबणाची बाटली कायम ठेवतो. कॅलिफोर्नियातील मंडळींनी याऐवजी पॉयझन ओक ओळखायला शिकावे. पूर्वेकडील दलदलीत पॉयझन सुमाक नावाचे झुडूप असते, त्याला मात्र तीन पानांचा नियम लागू पडत नाही, सात ते तेरा पाने असतात. चीक तिन्हींचा एकच.

---

वेंगुर्ल्याचा_काजूवाला

मी अमेरिकेत कधी आलेलो नाही आणि हा वेल फक्त छायाचित्रांत पाहिला आहे, पण औषधवालीताईंनी 'भाऊबंद' असा शब्द वापरला म्हणून लिहितो. आंबा, काजू, बिब्बा आणि हा तुमचा पॉयझन आयव्ही हे सगळे एकाच कुळातील आहेत. आंब्याच्या देठाशी येणारा चीक, काजूच्या टरफलातील तेल आणि बिब्ब्याचा काळा रस यांतील द्रव्ये उरुशिओलशी इतकी मिळतीजुळती असतात, की एकाची ओळख झालेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. त्यामुळे मेथीताईंच्या सासूबाईंचे निदान मला नुसते जवळचे वाटत नाही. बिब्बा उतणे आणि पॉयझन आयव्ही उतणे या एकाच आजाराच्या दोन गावच्या तऱ्हा आहेत.

आमच्याकडे ओल्या काजूगराच्या दिवसांत कोयत्याने बी कापणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात, तरीही बोटांची सालपटे निघालेली असतात. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात तर पाहवत नाहीत. बिब्ब्याच्या रसाने पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करत, कारण चुन्याबरोबर तो रस पक्का काळा होतो आणि धुण्याने जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायांच्या मानेवर, नेमकी खुणेच्या जागी, असेच फोड येत. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला धोब्याच्या नावानेच ओळखतात. खुणेचे कपडे धुऊन वाळवून इस्त्री करून दिलेले असत, तरी रस आपले काम करत होता. वस्तूवरचा चीक टिकतो म्हणतात तो असा.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. १९८२ साली पेन्सिल्वेनियात एका भागात पाकिटातून विकलेले काजू खाल्ल्यावर ५४ जणांना पॉयझन आयव्हीसारखेच पुरळ उठले, कारण त्या काजूंमध्ये टरफलांचे तुकडे राहून गेले होते. नीट सोललेल्या, भाजलेल्या काजूने सहसा असे होत नाही, त्यामुळे काजूकतली सोडण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्यावर एकदा हा वेल उतला आहे त्यांनी आंबा सालीसकट दाताने ओढून खाऊ नये. आंब्याचा देठ कापून चीक गाळावा, आंबा धुवावा, साल काढून दुसऱ्या कोणी तरी फोडी कराव्यात. पायरी चोखण्याचे सुख जाते खरे, पण ओठांभोवती फोड घेऊन महिना काढण्यापेक्षा चमच्याने खाल्लेला बरा. तुमच्या यजमानांचे बालपण कोकणात गेले असेल, तर त्यांचे सोमवारचे पुरळ मला तरी रत्नागिरीतच पेरलेले दिसते.

---

साबुदाणा_वडा

आमच्या ओळखीच्या एक जण रस टॉक्स या होमिओपॅथीच्या औषधाच्या गोळ्या घेतात. त्या आधीपासून घेतल्या तर पुरळ येतच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कोणाला अनुभव आहे का?

---

ओहायोची_औषधवाली

रस टॉक्स हे औषध याच वेलापासून बनवतात, हे खरे आहे. होमिओपॅथीच्या नेहमीच्या विरलनात मूळ द्रव्य जवळजवळ उरत नसल्याने त्या गोळीने अपाय होण्याचे भय कमी, पण तिच्या भरवशावर कोणी हातमोज्यांशिवाय वेल उपटायला जाऊ नये, एवढेच मी म्हणेन. मला खरी धास्ती वाटते ती याच्या पुढच्या पायरीची. या वेलाची कोवळी पाने थोडी-थोडी खाल्ली की शरीराला सवय होते, असा एक जुना समज या देशात अजून टिकून आहे. असे केल्याने तोंड, घसा आणि गुदद्वार यांना भयंकर फोड येऊ शकतात. हा प्रयोग कोणी करू नये आणि कोणाला सुचवूही नये. रानातील ज्युएलवीड नावाच्या झाडाचा रस लावतात, त्याबद्दलही विचारणा होते; त्याच्या परीक्षणांचे निकाल उलटसुलट आहेत आणि साध्या साबणापेक्षा त्यात विशेष काही आहे असे मला वाटत नाही.

काजूवाले दादा, धोब्याचे उदाहरण मी उद्या दुकानात सांगणार आहे.

---

परसातली_मेथी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मध्यंतरी आम्ही घरातील वस्तूंची झडती घेत होतो.

गुन्हेगार सापडला. यजमानांनी त्या शनिवारी काम संपल्यावर हातमोजे गॅरेजमधील एका टोपलीत टाकले होते आणि त्याच टोपलीत मुलाचे फुटबॉलचे नडगीरक्षक असतात. तो दर मंगळवारी आणि गुरुवारी ते हातमोज्यांखालून ओढून काढत होता, पायांना बांधत होता, आणि बहुधा त्याच हाताने कान खाजवत होता. मी ते नडगीरक्षक उजेडात नेऊन पाहिले. आतील पांढऱ्या स्पंजवर डाव्या कडेला डांबराचे थेंब पडावेत तसे तीन-चार काळे ठिपके होते. लांब दांड्याच्या कात्रीच्या लाकडी मुठीवरही तसेच काळे डाग होते, जे मी इतके दिवस वंगण समजत होते, आणि त्याच कात्रीने मी मधल्या आठवड्यात गुलाबाची छाटणी केली होती. आता माझ्या पोटावर नवे चट्टे का उठत होते, ते कळले: छाटलेल्या फांद्या काढताना मी कात्री कमरेशी धरते.

कापडी हातमोजे आणि नडगीरक्षक पिशवीत बांधून टाकून दिले. कात्री, बुटांचे तळवे, गॅरेजच्या दाराची मूठ आणि गाडीचे स्टिअरिंग आधी साबणाने आणि मग रबिंग अल्कोहोलने पुसले. त्या दिवशीचे कपडे एकदा धुतले होते, तरी वेगळे काढून गरम पाण्यात पुन्हा धुतले. यजमानांच्या डॉक्टरांनी त्यांना अठरा दिवसांचे, टप्प्याटप्प्याने उतरणारे औषध दिले आहे आणि रोज साखर तपासायला सांगितली आहे. मुलाला फक्त मलम दिले. गेल्या तीन दिवसांत कोणाच्याही अंगावर नवा चट्टा नाही. यजमानांना विचारले, तर लहानपणी आजोळी काजूच्या बिया भाजताना हात आणि तोंड सुजल्याचे त्यांना चांगले आठवते. सासूबाई हे ऐकून काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहून हसल्या.

एक प्रश्न उरला आहे. तोडलेल्या वेलाचा ढीग कुंपणापाशी तसाच आहे आणि मॅपलवर अर्धा वेल अजून लटकतो आहे. शेजारचे आजोबा म्हणतात की ढीग वाळला की शेकोटीत टाका. तसे करावे का?

---

टोमॅटोवाले_काका

अजिबात जाळू नका. ढीग वाळला तरी चीक वाळून नाहीसा होत नाही. तो धुराच्या कणांवर बसून उडतो आणि डोळ्यांत, नाकात, घशात आणि फुप्फुसांत उतरतो. अशा धुराने माणसे रुग्णालयात दाखल होतात. शेजारच्या आजोबांनाही हे आजच सांगा, कारण ते मदत म्हणून एखाद्या संध्याकाळी स्वतःच काडी लावतील.

मी पेन्सिल्वेनियात वीस वर्षे भाजीपाला लावतो आहे आणि असे तीन वेल काढले आहेत. ढिगासाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या घ्या. हातात कापडी किंवा पातळ लॅटेक्सचे हातमोजे नकोत, कारण चीक त्यांतून आत जातो. जाड व्हिनाइलचे लांब हातमोजे घाला आणि बाही त्यांच्या आत खोचा. पिशव्या बांधून घरच्या कचऱ्यात द्या. पालापाचोळ्याच्या गाडीत, कंपोस्टमध्ये किंवा लाकूड बारीक करणाऱ्या यंत्रात तो माल जाता कामा नये. टाउनशिपचे कचऱ्याचे नियम मात्र आधी फोन करून विचारून घ्या. कुंपणापलीकडची झाडी त्यांचीच आहे, तेव्हा तिकडचा वेल काढण्याची विनंतीही त्याच फोनवर करा. दोरीने गवत कापण्याचे यंत्र तिथे फिरवू नका, ते चिकाचा फवारा अंगावर उडवते.

मॅपलवरचा वेल ओढून खाली पाडण्याच्या फंदात पडू नका. तो तुमच्याच डोक्यावर येईल. जमिनीपासून थोड्या उंचीवर खोडाचा एक वीतभर तुकडा कापून काढा म्हणजे वरचा भाग झाडावरच वाळून जाईल, आणि पुढची काही वर्षे तो वाळलेला दोरखंडही जिवंत समजूनच वागा. बुंध्याच्या ताज्या कापावर लगेच, ब्रशने, ट्रायक्लोपिर किंवा ग्लायफोसेट असलेले तणनाशक लावा. फवारू नका, नाहीतर मॅपल आणि तुमची भेंडी दोन्ही जातील. बाटलीवरील सूचना शब्दशः पाळा. तणनाशक नको असेल तर पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, मुळे खणून काढावी लागतील. तुमच्या दोघांच्या हातांची सध्याची अवस्था पाहता ते काम यंदा परवाना असलेल्या माणसाला पैसे देऊन करून घ्या.

मातीत राहिलेला मुळाचा तुकडा पुन्हा फुटतो. पुढच्या एप्रिलच्या अखेरीपासून दर रविवारी मॅपलच्या बुंध्याशी आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एक फेरी मारा. आंब्याच्या पालवीसारखी तीन लाल पाने दिसली की बोटभर असतानाच, ब्रेडची रिकामी पिशवी हातावर उलटी चढवून, मुळासकट उपटा आणि पिशवी तशीच पानांवर उलटवून गाठ मारा. दुधीचा मांडव या वर्षी कुंपणाला टेकवू नका. फुटलेला वेल दुधीच्या पानांत मिसळला तर तोडणीच्या घाईत दिसत नाही.